चर्रर्र

आईच्या ब्लाउजला पुढे पाच हूक असत. सकाळी आंघोळ झाली की ती मधल्या खोलीचं दार लोटून घ्यायची आणि पाच मिनिटांत पदर सारखा करत बाहेर यायची. त्या पाचाची दहा मिनिटं झाली, दहाची वीस. मला वाटायचं, वयानं माणूस सावकाश होतं, चालायचंच. एक दिवस शाळेतून लवकर सुटले. घरात पाऊल टाकते तर शेजारची सून आईसमोर वाकून तिचे हूक लावत होती आणि आई मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती. मी आल्याचं दोघींनाही कळलं नाही. तशीच मागे फिरले, अंगणात जाऊन चपलांचा मोठ्यानं आवाज केला, ‘आई, चहा टाकू का?’ म्हणून ओरडले आणि मग आत आले.

संधिवातानं तिची बोटं पेरापेरांत सुजून वाकडी झाली आहेत. तिला तांदूळ निवडता येतात, भाकरी थापता येत नाही. टीव्हीचा रिमोट चालवता येतो, हूक लावता येत नाही. हूक ही तशी निष्ठुरच वस्तू. तांदळाएवढी वाकवलेली तार, तिला तसंच इवलंसं दोऱ्याचं घर, आणि दोघांची गाठ घालायची ती न बघता, हनुवटीखाली, नुसत्या बोटांच्या टोकांनी. धडधाकट असताना यात काही कौशल्य आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

रविवारी तिचे चार ब्लाउज पिशवीत घालून महाडच्या बाजारपेठेत आमच्या जुन्या टेलरकाकांकडे गेले. म्हटलं, ‘काका, हूक काढा आणि वेलक्रो लावून द्या.’

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘चिकटपट्टी? पोरांच्या बुटांना असते ती?’

‘तीच.’

‘लावतो की. खालच्या पट्टीला खरखरीत बाजू, तोंड बाहेर. वरच्या पट्टीला मऊ बाजू, तोंड अंगाकडं. म्हणजे टोचायची नाही. पण ताई, एक सांगून ठेवतो. ही पट्टी साडी धरते. कडेला कड नीट बसली तर ठीक, सूतभर सरकली तर पदराचा धागा ओढणार म्हणजे ओढणार.’

मग जरा थांबून, न विचारताच, ‘वरून शिवण हूकपट्टीसारखीच दिसेल असं करतो. आईंना चारचौघीत अवघडायला नको.’

काकांनी खरोखरच बेमालूम काम केलं. सोमवारी सकाळी आई खोलीत गेली आणि मिनिटाभरात बाहेर आली. ती काही बोलली नाही, मीही काही विचारलं नाही. रात्री मात्र त्या बंद दाराआडून आवाज आला. चर्रर्र! आणि पाठोपाठ आईचं ‘अगो बाई!’

‘काय झालं गं?’

‘काही नाही. पण कापड फाटल्यासारखं वाटतं बघ. काळजात चर्र होतं.’

मला हसू आलं. काळजात चर्र होणं म्हणजे काय, हे आपण आयुष्यभर बोलतो. तो आवाज इतका तंतोतंत कुणी मीटरवर कापून विकत असेल असं वाटलं नव्हतं. पण आईचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वर्षाला दोन लुगड्यांवर जिनं दिवस काढले, तिच्या कानाला कापड फाटल्याचा आवाज म्हणजे संकटच. मुलं झाडावरून उतरताना असा आवाज आला की आधी चड्डीकडे बघायचं, मग गुडघ्याकडे, अशी तिची रीत होती. आता रोज रात्री तिनं स्वतःच्या हातानं तो आवाज काढायचा आणि फाटलं काहीच नाही म्हणून निश्चिंत व्हायचं. या गोष्टीला तिला दोन महिने लागले.

तिच्या पैशांच्या कापडी पाकिटालाही तीच पट्टी आहे. देवळात कीर्तन रंगात आलेलं असतं, बुवा नेमके थांबलेले असतात, आरतीचं ताट फिरत येतं आणि सगळ्या सभामंडपाला ऐकू जाईल असं चर्रर्र होतं. आई म्हणते, गुप्तदानाची सोय राहिली नाही.

माझं आजोळ पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला. आजी मला आठवते ती नऊवारीत आणि गाठीच्या चोळीत. चोळीचे दोन पदर छातीवर ओढून घेऊन मधोमध गाठ मारायची, संपलं. पुढे कधीतरी जाणवलं की आजीच्या अंगावर बटण, हूक, पिन, बक्कल यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं. नऊ वार कापड नुसतं खोचून, काष्टा मागे घट्ट ओढून ती चिखलात दिवसभर लावणी करायची आणि काही सुटायचं नाही. आजोबांचंही तेच. डोक्याला मुंडासं गुंडाळलेलं, पावसात पाठीवर इरलं, कमरेच्या दोरीला लाकडी आकडी आणि आकडीत अडकवलेला कोयता. हा कोयता हात लावला की सुटायचा आणि डोंगर चढताना कधी पडायचा नाही. जुन्या अंगरख्यांना बंद असत. बाराबंदीच्या तर नावातच तिचे बारा बंद आले.

म्हणून आपली भाषासुद्धा गाठीची आहे. लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट, निरगाठ आणि सुरगाठ. माणसं भेटली तरी गाठ पडते आणि वाईट माणसाशी पडली तरी गाठच. उलट चिकटण्याबद्दल आपल्या मनात काही चांगलं नाही. चिकट म्हणजे कंजूष. चिकटून बसतो तो गोचीड, नाहीतर खुर्ची न सोडणारा पुढारी. एखादी वस्तू घट्ट चिकटावी आणि वेळ आली की मुकाट सुटावी, या गुणाला मराठीत कौतुकाचा शब्द मला तरी सापडत नाही. चिकाटी आहे म्हणा, पण चिकाटीत सुटणं बसत नाही.

आजीची गाठ, आईचे हूक आणि आता ही पट्टी. दोन पिढ्यांत आमच्या घरातल्या बायकांनी एवढा प्रवास केला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दसरा झाला, भात कापणीला आलं की आमच्या वर्गात न सांगताच एक प्रदर्शन भरतं. वाड्यांवरून पायवाटेनं येणाऱ्या मुलांच्या चड्ड्या, परकर, मोजे यांना रानातलं काय काय चिकटून आलेलं असतं. पूर्वी मी त्यांना दाराबाहेर झटकून यायला सांगायची. आता कागद पसरते आणि म्हणते, काढा इथंच. मग भिंग घेऊन आम्ही बघत बसतो.

सगळ्यांत जास्त असतं ते कुसळ. डोंगरउतारावरच्या कुसळी गवताचं बी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं आपल्याला दिसतं ते हेच. बाणासारखं अणकुचीदार टोक आणि त्यावर मागे झुकलेले केस. त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. त्याची लांब शेपटी दमट हवेत पीळ सोडते, कोरडी झाली की पुन्हा पीळ भरते, आणि या पीळ भरण्या-सुटण्यात बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं घुसवून घेतं. माती नसेल तर मोज्यात. मोज्यातलं कुसळ मागे ओढून निघत नाही, ते आरपार पुढे काढावं लागतं, हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं.

दुसरा आघाडा. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ घालतो, ऋषिपंचमीला त्याच्या काडीनं दात घासतो, तोच. सणावाराला तो कोवळा असतो. दिवाळीच्या सुमाराला त्याचे तुरे वाळतात, फळं देठाकडे उलटी वाकतात आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांत त्यांची टोकदार पानं रुततात. श्रावणात आपण त्याला शोधत फिरतो, कार्तिकात तो आपल्याला शोधतो.

तिसरी वनभेंडी. गुलाबी फुलाची, बांधावर कुठेही उगवणारी. हिचं फळ वाटाण्याएवढं, अंगभर काटे. नुसत्या डोळ्यांना ते काटे सरळ दिसतात. भिंगाखाली धरलं की दिसतं, प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक उलटे आकडे आहेत, विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखे. मी वनभेंडीचं एक फळ आणि वेलक्रोच्या खरखरीत बाजूचा एक तुकडा शेजारी शेजारी ठेवला आणि मुलांना काही न सांगता भिंगातून बघायला लावलं. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ह्यानं ह्याचं बघून केलंय.’ सातवीतल्या मुलीनं हे सगळं एका वाक्यात सांगितलं. खरंतर इथे थांबलं तरी चालण्यासारखं होतं.

त्या दिवशी भिंग मी घरी नेलं. आईला पट्टीची खरखरीत बाजू दाखवली: नायलॉनच्या ताठ तारांची रानभर उगवण, प्रत्येकीचं टोक वळवलेलं. मग मऊ बाजू: बारीक धाग्यांच्या फाशांचा नुसता गुंता. आईनं भिंग डोळ्यांपासून लांब-जवळ केलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अगं, हा तर क्रोशा.’

मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या दारावरचं तोरण, टीव्हीवरचं आच्छादन, पाण्याच्या तांब्यावरची जाळी, सगळं तिच्या क्रोशाच्या सुईचं. टोकाला आकडा असलेली एक सुई आणि दोऱ्याचा फास. आकड्यानं फास धरायचा, ओढायचा, सोडायचा, पुढचा धरायचा. तिला हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. आणि गंमत अशी की ती बोलली ते शब्दशः खरं होतं. वेलक्रो हे नाव दोन फ्रेंच शब्दांची अर्धुकं जोडून केलेलं आहे: वलूर म्हणजे मखमल आणि क्रोशे म्हणजे आकडा. आपला क्रोशा तो हाच. मखमल आणि क्रोशा. ज्यानं नाव ठेवलं त्यानं भिंगातून हेच पाहिलं होतं.

तो जॉर्ज द मेस्ट्राल. 1907 साली स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात जन्मलेला इंजिनिअर. बाराव्या वर्षी त्यानं खेळण्यातल्या विमानाचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे खोड जुनीच. 1941 साली तो कुत्र्याला घेऊन आल्प्सच्या रानात फिरायला गेला, परतल्यावर कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या विजारीत बरडॉक नावाच्या झुडपाची बोंडं अडकलेली पाहिली, त्यातलं एक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला आकडे दिसले. बरडॉक आपल्याकडे या रानात नाही. सूर्यफुलाच्या कुळातलं ते झाड. त्याच कुळातलं शंकेश्वर, ज्याला बोलण्यात गोखरूही म्हणतात, ते मात्र आपल्याकडे रस्त्याच्या कडेला भरपूर आहे आणि त्याच्याही फळाला असेच आकडे असतात.

ही गोष्ट सगळीकडे इथेच संपवतात. माणूस फिरायला गेला, बोंड चिकटलं, शोध लागला. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ती अशीच सांगितली जाते आणि मग कुणीतरी हमखास उसासा टाकतं, ‘आपल्याकडे हजारो वर्षं आघाडा चिकटतोय, पण बघितलं कुणी?’

मला हा उसासा पटत नाही. बघितलं होतं की. आजी आमच्या परकराला चिकटलेलं एकेक बी कसं काढायची ते मला आठवतं. कुसळ पुढे ओढून, आघाडा खालून वर निपटून, वनभेंडी दोन बोटांत घोळवून. कुठलं बी कोणत्या दिशेनं धरतं आणि कोणत्या दिशेनं सोडतं हे तिला ठाऊक होतं. त्याहून जास्त बघणं म्हणजे काय? मेस्ट्रालनं पाहिलं त्याच्या पुढची गोष्ट वेगळी आहे आणि ती फिरायला जाण्याइतकी रम्य नाही म्हणून कुणी सांगत नाही.

त्याची कल्पना ऐकून लोकांनी मान हलवली. फ्रान्समधल्या लिऑनला, जिथे पिढ्यान्‌पिढ्या रेशीम विणलं जातं, तिथल्या एका विणकरानं त्याला सुती पट्टी विणून दिली. ती चालली, पण सुताचे आकडे थोड्याच दिवसांत झिजून गेले. मग त्यानं नायलॉन घेतलं. नायलॉन तेव्हा नवं होतं, 1930 नंतरच्या दशकातलं. इन्फ्रारेड दिव्याच्या उष्णतेत विणलं की त्याचे फास कडक होतात आणि धरलेला आकार सोडत नाहीत, हे त्याला सापडलं. म्हणजे मऊ बाजू झाली. आकडे कसे करायचे? प्रत्येक फास एका बाजूनं, टोकाच्या जरा खाली, कापायचा. उरलेला वळलेला भाग म्हणजे आकडा. एक फास कापणं सोपं. वीतभर पट्टीतले सगळे फास नेमक्या त्याच जागी, यंत्रानं, कापणं यात त्याची वर्षं गेली. पेटंट हातात आलं ते 1955 साली. कुत्र्याला फिरवून आणल्याला चौदा वर्षं झाली होती. त्या चौदा वर्षांत एक दिवस फिरण्याचा आणि उरलेले सगळे विणण्याचे. आपल्याकडे उणीव भिंगाची नव्हती. नायलॉन नव्हतं, आणि चौदा वर्षं एका पट्टीपायी घालवू देणारं घर नव्हतं.

आता ती पट्टी धरते कशी, हे सांगायला मला उमरठलाच जावं लागतं.

उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची समाधी तिथे आहे. तिथल्या मुलाला अक्षरओळख व्हायच्या आधी घोरपडीची गोष्ट माहीत असते: 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, कोंढाण्याचा कडा, यशवंती घोरपडीच्या कमरेला बांधलेला दोर, आणि त्या दोरानं वर चढलेले मावळे. मावळे दोर लावून कडा चढले हा इतिहास. घोरपड ही लोकांनी त्यात सोडली. घोरपड माणसाचा भार पेलेल का, यावर आमच्या वर्गात दरवर्षी भांडण होतं. मी निकाल देत नाही, पण घोरपड दगडाला धरते कशी ते मात्र शिकवते. तिची नखं आकड्यांसारखी वळलेली. खाली ओढाल तर चारही पायांची सगळी नखं एकदम रुतणार. पण तिला स्वतःला पुढे जायचं असतं तेव्हा ती एक पाय उचलते, बाकीचे तीन तसेच. एकावेळी एकच पकड सुटते.

वेलक्रोचं नेमकं हेच आहे. मी तळहाताएवढे दोन तुकडे एकमेकांवर दाबते, एक वर खुंटीला बांधते आणि दुसऱ्याला पाण्यानं भरलेली बादली लटकवते. मुलं श्वास रोखून बघतात. बादली पडत नाही, कारण भार पट्टीच्या सपाटीत खाली ओढतो आणि सगळेच आकडे एकदम तो पेलतात. मग बादली उतरवून पहिलीतल्या एखाद्या मुलीला बोलावते आणि म्हणते, आता कोपऱ्यातून सोल. ती केळं सोलल्यासारखी दोन बोटांनी ते सोडवते. सोलताना एकावेळी एकच रांग सुटते, तिच्या मागची, तिच्या मागची. प्रत्येक आकडा फासातून निसटताना बारीकशी टिचकी वाजते आणि अशा शेकडो टिचक्या वाजल्या की आपल्या कानाला चर्रर्र ऐकू येतं. एकेक आकडा इतका दुबळा की नखानं वाकतो. सगळ्यांनी मिळून पाण्याची बादली धरली, आणि सहा वर्षांच्या पोरीच्या दोन बोटांपुढे रांगेनं हार मानली.

माझ्या आईला नेमकं हेच हवं होतं. तिला न सुटणारं काही नको होतं. हूक काय, न सुटणाराच होता. स्वतःच्या हातानं सुटणारं हवं होतं. माणसाला लावून द्यायला कुणी तरी मिळतं, पण रात्री दहा वाजता सोडायला शेजारच्या सुनेला हाक मारता येत नाही. पट्टी लावण्याआधीच्या वर्षभरात आई कित्येक रात्री हूक लावलेल्या ब्लाउजमध्येच झोपली होती, हे तिनं मला फार नंतर सांगितलं. तेही भाजी चिरताना, दुसरंच काही सांगता सांगता.

वेलक्रो नासानं शोधला असं बरेच जण सांगतात. तो नासानं वापरला एवढंच खरं. जिथे वस्तू खाली पडतच नाहीत तिथे त्या कुठेतरी चिकटवून ठेवाव्या लागतात. त्याचीही एक काळी तारीख आहे. 27 जानेवारी 1967 ला जमिनीवरच्या चाचणीत अपोलो-1 च्या कुपीत आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले. निव्वळ प्राणवायू भरलेल्या त्या बंद कुपीत नायलॉन आणि वेलक्रो मुबलक होता, जवळजवळ चौतीस चौरस फूट वेलक्रो, आणि तशा हवेत तोही पेटला. पुढे त्यावर बंधनं आली. मूळ पेटंटची मुदत 1978 साली संपली, मग कोणीही पट्टी करू लागलं आणि ती पोरांच्या बुटांवर सर्रास दिसू लागली. वेलक्रो हे खरंतर एका कंपनीचं नाव आहे. बाकीच्यांनी केलेल्या पट्टीला तसं म्हणू नका, असं ती कंपनी जगाला विनवत असते. आम्ही वनस्पती तुपाला डालडा आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणणारी माणसं. आमच्या टेलरकाकांनी ‘चिकटपट्टी’ म्हणून कंपनीची अडचण परस्पर सोडवली आहे, पण हे कंपनीला कळवणार कोण?

या पट्टीचा शत्रू एकच, आणि तो आमच्याकडे मुबलक आहे. चिखल.

22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी या नद्या महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. पुराचं पाणी निघून जातं, गाळ राहतो. तो कपाटाच्या कप्प्यात, शिवणयंत्राच्या पोटात, तांदळाच्या डब्यात, वह्यांच्या पानापानांत जाऊन बसतो. त्याच दिवशी वर तळिये गावावर डोंगर कोसळला होता, ऐंशीहून जास्त माणसं त्याखाली गेली. त्या गावापुढे आपल्या घरातल्या गाळाचं नाव काढायची लाज वाटत होती. पण हातांना काही काम हवंच असतं.

आईला मी उन्हात खुर्ची टाकून बसवलं आणि तिच्यापुढे चिकटपट्टीच्या सगळ्या वस्तू टाकल्या. माझ्या मुलीची सँडल, दोन रेनकोट, दप्तर, आईचा गुडघ्याचा पट्टा आणि रक्तदाबाच्या यंत्राचा दंडाला गुंडाळायचा पट्टा. एकही धरत नव्हता. चर्रर्र आवाजसुद्धा येत नव्हता. दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवल्या की नुसत्या निसटायच्या. आकड्यांच्या मधल्या जागा गाळानं गच्च भरून सपाट झाल्या होत्या. आईनं जुना टूथब्रश वापरून पाहिला. वरचा गाळ गेला, मुळातला गेला नाही. मग तिनं आत जाऊन, म्हणजे जिथे आत होतं तिथे जाऊन, चिखलातून लिखा काढायची फणी शोधून आणली. तेव्हा तिची बोटं आताइतकी वाकली नव्हती. पट्टा मांडीवर धरून ती फणीचे दात आकड्यांच्या रांगांतून फिरवू लागली. एक रांग, फणी पाण्यात बुडवायची, दुसरी रांग. आम्हा पोरींच्या डोक्यातून ती अशीच फिरवायची. दुपारी चारच्या सुमाराला तिनं रक्तदाबाचा पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला, दाबला आणि सोलला.

चर्रर्र.

‘आला आवाज,’ ती म्हणाली. यंत्र मात्र गेलेलंच होतं, ते नवं घ्यावं लागलं.

पुढे कुठेतरी वाचलं की अमेरिकी सैन्यानंही विजारीच्या खिशांवरचा वेलक्रो काढून पुन्हा बटणं लावली. धुळीनं तो भरायचा आणि शांततेत आवाज करायचा. आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांच्याकडे फणी नसेल.’

मागच्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. सुट्टी संपत आलेली, कपड्यांचा ढीग पडलेला. मशीनमध्ये आईचा ब्लाउज टाकला, त्याची पट्टी उघडीच राहिली. त्याच घाण्यात तिनं जपून ठेवलेलं आजीचं मऊ, विटलेलं सुती लुगडं गेलं. बाहेर काढलं तेव्हा दोन्ही एकमेकांना धरून होते. सोडवता सोडवता बघते तर लुगड्याचे धागे सात ठिकाणी ओढून वर आलेले, मधे आडव्या चुण्या पडलेल्या. टेलरकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आईनं लुगडं मांडीवर पसरलं, ट्रंकेतून क्रोशाची सुई मागवली. चार वर्षांत तिनं ती हातात धरली नव्हती. बोटांत राहीना म्हणून तिच्या दांडीला मी फडकं गुंडाळून दिलं. आकड्यानं ओढलेला एकेक धागा हळूच पकडून, कापडाच्या आतल्या बाजूला खेचून, चुणी बोटानं सारखी करत ती बसली. संध्याकाळपर्यंत सातांपैकी दोन जागा झाल्या. उरलेल्या पाच तशाच आहेत, ती म्हणते थंडी सरली की बघू.

तेव्हा ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना एवढंच सांगते: हूक काढून पट्टी लावून घ्या, लाजू नका. धुताना मात्र पट्टी बंद करून, कपडा उलटा करून, सुती-रेशमी साडीपासून वेगळाच धुवा. आणि जुनी फणी टाकून देऊ नका.